प्रकरण चौदावे : कोणता पाय?

रविवारी दुपारी बाराच्या आत वर्नाच्या ओट्यावर चार भांडी येऊन पडली, आणि चारही तिच्या मुलाच्या, ग्रेडीच्या, पायासाठी होती. प्रार्थना सुटल्यावर बायका आपापल्या घरी न जाता थेट इकडे वळल्या होत्या. चिकन-भात, मका आणि चीज, रताळ्याचं काहीतरी गोडसर, आणि पुन्हा चिकन-भात. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर मालकिणीचं नाव. कॉबल क्रीकमध्ये कुणाचं हाड मोडलं किंवा घरातलं माणूस गेलं की भांडं दारात येतं, आणि रिकामं भांडं परत करायला जाताना आता कसं आहे हे सांगावं लागतं. त्यामुळे चार भांडी म्हणजे चार वेळा सांगणं आलं.

"चौघींनी विचारलं, कोणता पाय," वर्ना म्हणाली. "मी म्हटलं, डावा. डावाच ना?"

"डावाच," तिचा नवरा हार्लन खुर्चीतून म्हणाला. पेपरातलं कात्रण त्याच्या शर्टाच्या खिशातच होतं. गेले नऊ दिवस होतं. म्यूल्स या बेसबॉल संघाचा दुसऱ्या बेसवरचा खेळाडू ग्रेडी प्रुइट, डाव्या मांडीमागचा स्नायू, सात दिवस. तीन ओळी. हार्लननं त्या पोस्टात वाचून दाखवल्या होत्या, न्हाव्याकडे वाचून दाखवल्या होत्या, आणि दोन्हीकडे मान हलवून म्हणाला होता, "आमच्या घराण्याला शरीराची साथ नाही. माझा खांदा, पोराची मांडी."

वर्नानं बीन्सचं पातेलं एकटीनं उचलून टेबलावर आणलं. हार्लन उठला नाही. उठण्याचा प्रश्नच नव्हता. तरुणपणी खेळताना गेलेल्या उजव्या खांद्याखाली त्याची ती चपटी उशी होती आणि ती उशी सरकली की दिवस वाया जाई, हे घरात मांजरालाही ठाऊक होतं.

बाहेर गाडी थांबली. वर्नानं खिडकीतून पाहिलं आणि तिचा हात पातेल्याच्या कडेवर तसाच राहिला. ग्रेडी पायऱ्या चढत होता. डाव्या हातावर लहानगी लेक पर्ल, उजव्या काखेत कलिंगड, आणि दोन-दोन पायऱ्या एकदम.

"ग्रेडी!" मागून त्याची बायको ऑड्रा दबक्या आवाजात ओरडली. "पाय!"

तिसऱ्या पायरीपासून तो लंगडू लागला.

*

ऑड्राला वाटलं, खिडकीत कुणी नव्हतं. मग पडदा हलला.

येताना गाडीत पंचवीस मिनिटं ती हेच सांगत होती. लंगडायचं. फार नाही, पण लंगडायचं. उतरल्यावर कंबरेवर हात ठेव. पर्लला मी घेते. तो "हो, हो" म्हणत होता आणि दार उघडताच सगळं विसरला होता. एकोणतिसाव्या वर्षीही त्याला बापाचं अंगण दिसलं की पाय आपोआप पळत. हा माणूस खोटं बोलायला बनलेलाच नव्हता, आणि ते खोटं त्याला शिकवायचं काम तिच्याकडे आलं होतं.

आत शिरल्याबरोबर तिनं नेहमीप्रमाणे सगळ्या खोलीवर नजर फिरवली. टेबलावर अख्खी द्राक्षं, म्हणजे ती कापायची. ओव्हनचं दार गरम. सासऱ्याच्या खुर्चीशेजारी लेपाची बाटली, पर्लचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. बाटली तिनं उचलून वर ठेवली.

"ये गं ऑड्रा," वर्ना म्हणाली. "पोरगी झोपली होती का गाडीत?"

"थोडीशी, मिस वर्ना. कान दुखतोय अजून. डॉक्टरांनी मंगळवारी बोलावलंय." सासूला ती गावाच्या रीतीनं 'मिस वर्ना' म्हणे.

"आणि हा?" वर्नानं मुलाकडे हनुवटी केली. "याच्या पायाला डॉक्टरांनी कधी बोलावलंय?"

"बरं आहे, ममा," ग्रेडी म्हणाला. "येतंय हळूहळू."

"दोन-दोन पायऱ्यांनी येतंय," वर्ना म्हणाली आणि चमचे मोजू लागली.

ऑड्रा द्राक्षं कापायला बसली. एकेकाचे चार तुकडे. हात कामात असला की तोंड बंद ठेवता येतं.

त्याच वेळी मागच्या दारानं डार्ला आली. ग्रेडीची थोरली बहीण. जिल्ह्याच्या इस्पितळात मोडलेली-वाकलेली माणसं पुन्हा चालती करणं हा तिचा धंदा, आणि पाळी संपवून ती थेट गणवेशातच आली होती. कुणाला नमस्कार नाही, काही नाही. तिनं सोफ्यावरच्या उशा खाली टाकल्या आणि बोट दाखवलं.

"पालथा झोप."

"अगं, जेवायला बसतोय आपण."

"जेवण पळून जात नाही. चार भांडी आहेत. नऊ दिवस झाले आणि तू एकदा फोन केला नाहीस. सख्खी बहीण हेच करते आयुष्यभर, आणि तू त्या संघाच्या पट्ट्या बांधणाऱ्याकडे जातोस? झोप."

ऑड्राच्या हातातली सुरी थांबली. नाही म्हण, ती मनात म्हणाली. काहीही कारण सांग. पण डार्लाला नाही म्हणणं त्या घरात कुणाला जमलं नव्हतं. ग्रेडी पालथा झोपला, तोंड उशीत. डार्लानं हात चोळून गरम केले, अंगठा मांडीच्या मागे मधोमध ठेवला आणि दाबला.

"आई गं!" ग्रेडी कळवळला. चांगलाच कळवळला. पर्लसुद्धा दचकली.

डार्लानं हात काढला नाही. "हा उजवा आहे," ती म्हणाली.

ऑड्रानं सुरी खाली ठेवली.

"आम्ही आधी चांगला पाय दाबतो," डार्ला म्हणाली. तिचा आवाज अगदी इस्पितळातला, सपाट. "म्हणजे दुखऱ्याचा अंदाज येतो. शहाण्या, तुला वाटलं मी दुखऱ्यापासून सुरू करेन?"

"डावा दाब," हार्लन खुर्चीतून म्हणाला.

तिनं डावा दाबला. वर, मध्ये, गुडघ्याच्या मागे. ग्रेडी गप्प पडून राहिला. मग फार उशिरा उशीतून आवाज आला, "तिथेही थोडं…"

"ऊठ," हार्लन म्हणाला.

*

हार्लन प्रुइटला राग लवकर येत नसे, आणि आला की तो आधी भलत्याच माणसावर निघे, हे त्याचं त्यालाही ठाऊक होतं. तरी तो मुलावरच निघाला.

"माझ्या घरात? माझ्यासमोर? मी नऊ दिवस खिशात कागद घेऊन गावभर तुझ्या मांडीची चौकशी ऐकतोय! तो डाक्या काल मला म्हणाला, मिस्टर प्रुइट, प्रार्थनेत नाव घेतलंय आम्ही. देवासमोर नेलीस तू तुझी मांडी! आळस आला होता का खेळायचा?"

"आळस?" ग्रेडी उठून बसला. त्याचे कान लाल झाले होते. "डॅडी, नऊ वर्षं, सात गावं. एक दिवस तरी सुटी मागितली का मी? या मोसमात आतल्या मैदानात सगळ्यांत कमी चुका माझ्या आहेत. मॅनेजरनं, कॉरिगननं, बोलावलं मला. दार लावलं. म्हणाला, पोरा, तुझ्या मांडीला काय झालंय? मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, विचार करून सांग."

डार्ला म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे जागा हवी होती. आम्हाला पोसणाऱ्या वरच्या मोठ्या संघाचा लाडका आलाय, टेक्सासचा, खूप मोठा करार करून. त्याला रोज दुसऱ्या बेसवर खेळवायचंय. मला संघातून सोडलं तर गावात बोंब होईल, इथलाच पोरगा आहे म्हणून. तर मला दुखापत व्हायला हवी. कॉरिगन म्हणाला, कुठली हवी ती निवड. पाठ घेऊ नकोस, पाठीला लोक फार प्रश्न विचारतात."

"निवड!" डार्लानं हातातली उशी भिंतीवर फेकली. "माझ्याकडे खरी मांडी फाटलेली माणसं रडतात. आणि हे दुखणी वाटतायत, वाढदिवसाच्या फुग्यांसारखी! मी तक्रार करते. उद्या सकाळी. त्या पट्ट्या बांधणाऱ्याचा परवाना—"

"डार्ला, बस," वर्ना म्हणाली. "तक्रार केलीस तर याची नोकरी राहील का? घरात लहान लेकरू आहे."

"ममा, तू त्यांची बाजू घेतेस?"

"मी लेकराची बाजू घेते. सात दिवसांचं खोटं होतं, ते संपलं. नऊ दिवस झाले. विषय संपला."

ग्रेडीनं ऑड्राकडे पाहिलं. तिनं द्राक्षांकडे पाहिलं.

"संपला नाही, मिस वर्ना," शेवटी तीच म्हणाली. पर्लच्या लंगोटांच्या पिशवीतून तिनं घडी घातलेला कागद काढला. तो सांभाळायला ग्रेडीनं तिच्याकडे दिला होता, कारण त्याच्याकडे तो गाडीतच फाटला असता. "आज सामन्याआधी यावर सही हवी. साठ दिवस दुखापतीचे."

"साठ दिवस म्हणजे मोसमच संपला," हार्लन म्हणाला.

"हो. पण तोवर करार चालू राहतो. विमा चालू राहतो. पुढच्या वर्षी प्रशिक्षक म्हणून बघू म्हणालेत. सही नाही केली तर उद्या सकाळी सोडून देतील." तिनं श्वास घेतला. बोलायला सुरुवात केली होती, आता थांबता येईना. "तुम्ही माझ्याकडे असं बघू नका. मीच म्हटलं त्याला, सही कर. सहा वर्षांत अकरा घरं बदलली मी. पर्ल पहिलं पाऊल टाकायला शिकली ती एका मोटेलच्या बोळात. तिच्या कानाला तीन गावांचे तीन डॉक्टर झाले, प्रत्येकजण पहिल्यापासून विचारतो. आता इथे आहोत, तुमच्याजवळ आहोत. एक सही. कुणाचं काय जातंय?"

"ही बरोबर बोलतेय," वर्ना म्हणाली.

डार्लानं कागद हातात घेऊन शेवटपर्यंत वाचला. मग ती खुर्चीत बसली. "विम्याचं खरं आहे," ती नाइलाजानं म्हणाली. "कान साधं दुखणं नाही. राग येतो मला, पण… कर सही, ग्रेडी. हरामखोर आहेत, पण कर."

तीन बायका एका बाजूला झाल्या. ग्रेडी मांडीवर हात ठेवून बसला होता. त्याला कुणी तरी हुकूम द्यावा असं वाटत असल्यासारखा. हार्लननं त्या हाताकडे पाहिलं. डाव्या मांडीवरचा हात. नऊ दिवसांत तो तिथे राहायला शिकला होता.

"करू नकोस," हार्लन म्हणाला.

"डॅडी, तुमचं काय जातंय म्हणायला—"

"करू नकोस. मी केली होती."

*

वर्नाला आधी समजलंच नाही. तिला वाटलं, तो लग्नाच्या वेळच्या कुठल्या तरी कागदाबद्दल बोलतोय.

"कशावर सही केली होतीस?"

हार्लननं खांद्याखालची उशी काढली. ती हातात धरून, तिचं काय करायचं हे सुचत नसल्यासारखा, तो बसून राहिला.

"ऑगस्ट महिना होता. मॅनेजर म्हणाला, खांदा म्हण. दोन आठवडे बस, मग परत घेतो. मी म्हटलं ठीक. दोन आठवड्यांनी म्हणाला, मोसम संपेपर्यंत बस. मग सोडून दिलं. मी पाच संघांना फोन केले, वर्ना. तू स्वयंपाकघरात असायचीस. पाचही जण म्हणाले, खांदा गेलेला आतल्या मैदानातला खेळाडू काय करायचा? कागदावर लिहिलं होतं ना. सही माझीच होती."

"पण खांदा," वर्ना म्हणाली.

"खांद्याला काही झालं नव्हतं."

पर्लनं द्राक्षाचा तुकडा जमिनीवर टाकला आणि "गेलं" म्हणाली.

"मग नंतर मला का नाही सांगितलंस?"

"खांदा गेला म्हटलं की लोक टोपी काढत होते," हार्लन म्हणाला. "नकोसा झाला म्हटलं असतं, तर नजर चुकवली असती त्यांनी. पंचवीस वर्षांचा होतो मी. आज सांगतो, उद्या सांगतो… मग तो खरंच दुखायला लागला की काय, असं मलाच वाटायचं कधीकधी."

वर्ना उठली. शेल्फवर ऑड्रानं ठेवलेली लेपाची बाटली तिनं काढली आणि टेबलावर त्याच्यासमोर ठेवली. आपटली नाही. आपटली असती तर बरं झालं असतं, असं डार्लाला वाटलं.

"दर शनिवारी हे चोळून दिलं," वर्ना म्हणाली. "एकोणचाळीस वर्षं. कोंबड्यांच्या खाद्याची पन्नास-पन्नास पौंडांची पोती मी उतरवली. लाकडं मी फोडली, दोन्ही पोरं पोटात असताना. लोक म्हणायचे, वर्नाचा नवरा अधू आहे, पण बाई काय वाघीण आहे. मला बरं वाटायचं ते ऐकून! मूर्ख मी!"

"वर्ना—"

"आणि तुझी आई. अकरा महिने अंथरुणावर. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, दिवसातून चार वेळा. मी उचलत होते, हार्लन. तुझ्या आईला. तू दारात उभा राहायचास आणि म्हणायचास, हा खांदा नसता तर."

"दारात उभं राहून मला रोज वाटायचं की जावं, उचलावं."

"वाटत होतं तेव्हा हात काय करत होते?"

ग्रेडीनं मान खाली घातली होती. आयुष्यभर तो ज्या खांद्याचा बदला घ्यायला खेळत होता, तो खांदा त्याच्यासमोर धडधाकट बसला होता.

ऑड्रा सासूकडे पाहत होती. रोज पाहिलेल्या माणसात कधीच न पाहिलेली गोष्ट दिसावी तशी तिला ती दिसली: वर्नाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली होता. ओझ्याच्या बाजूचा. एखाद्या जुन्या दाराचं बिजागर उतरावं तसा.

आणि मग तिला गेला मंगळवार आठवला. पर्लचा पाळणा वरच्या मजल्यावर न्यायचा होता. ग्रेडी उचलायला वाकला होता आणि मध्येच थांबून, मांडीवर हात ठेवून म्हणाला होता, "अगं, पाय." शेजारची बाई जिन्यात उभी होती म्हणून. पाळणा ऑड्रानं नेला होता. दार लावल्यावर दोघं पोट धरून हसले होते.

बुधवारी कचऱ्याचा डबा कुणी खाली नेला? ऑड्रानं. तेव्हा जिन्यात कुणी नव्हतं, आणि दोघांपैकी कुणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली.

ग्रेडीनं वर पाहिलं. "काय नको?"

"सही नको करूस. कानाचं मी बघते. मला काम मिळेल, मी शिकलेली आहे, माझं डोकं गंजलेलं नाही. पण मी पोती उचलणार नाही, ग्रेडी. मिस वर्ना, मला माफ करा, पण मी नाही उचलणार."

"माफी या दोघांनी मागायची," वर्ना म्हणाली. "तू कशाला?" ती माळ्याच्या शिडीकडे गेली, वर चढली, आणि खाली आली तेव्हा तिच्या हातात हार्लनचा चेंडू झेलायचा ग्लोव्ह होता, काळपट, चपटा, कडक झालेला. प्रुइटांच्या घरात दुसऱ्याच्या ग्लोव्हमध्ये हात घालायचा नाही हा नियम होता. तिनं तो दोन बोटांनी धरला होता, मेलेल्या उंदरासारखा. तो तिनं नवऱ्याच्या मांडीवर टाकला.

"आज रविवार आहे. चार वाजता मैदान उघडतात. चल. मला बघायचंय."

*

रविवारी सामन्याआधी अर्धा तास म्यूल्सचं मैदान गावासाठी खुलं असे. बाप, पोरं, आज्या, ज्याच्याकडे ग्लोव्ह आहे त्यानं हिरवळीवर उतरायचं आणि चेंडू झेलत बसायचं. फक्त आतल्या मैदानाच्या मातीवर जायचं नाही. तिथे दोर लावलेला असे.

ग्रेडी दोर ओलांडून गेला. साधी पँट, साधा शर्ट, हातात स्वतःचा ग्लोव्ह. मैदानाची निगा राखणारा म्हातारा ओरडला, "ए, माती सारवलीय!" मग त्यानं पाहिलं कोण आहे ते. "प्रुइट? तुझा पाय ना?"

"हो ना," ग्रेडी म्हणाला आणि दुसऱ्या बेसच्या बाजूला, नऊ वर्षं प्रत्येक गावात जिथे उभा राहिला त्या जागी जाऊन उभा राहिला.

हार्लन पहिल्या बेसजवळ थांबला. चौसष्ट वर्षांचा माणूस, पट्ट्याला आणखी एक भोक पाडलेला, रविवारचे बूट घातलेला. त्यानं चेंडू हातात फिरवला. मग त्यानं हात मागे नेला आणि फेकला.

तिसऱ्या बेसच्या मागच्या बाकांवर बसलेल्या वर्नानं तो हात पाहिला. सरळ वरून आला. कुठे अडला नाही, कुठे वाकला नाही. चेंडू जमिनीवर एकदा आपटून ग्रेडीच्या डावीकडे गेला. ग्रेडी तीन पावलं धावला, खाली वाकला, उचलला, अंगाभोवती फिरून परत फेकला. हार्लनच्या ग्लोव्हचा आवाज बाकांपर्यंत आला. पुन्हा. आता उजवीकडे, खोल. ग्रेडी पोटावर पडून सरकला, गुडघ्यावर उठला आणि फेकला. हिरवळीवरच्या बापांनी आपापले चेंडू हातात धरून ठेवले. पुन्हा.

वर्नाच्या मागच्या रांगेत चिकन-भातवाली मेबल ओक्स होती. ती पुढे झुकली. "वर्ना, पाय बरा दिसतोय की गं!"

वर्ना वळली नाही. पण तिनं आवाजही खाली केला नाही. दबून बोलायची सवय गेल्या चार तासांत कुठे तरी निघून गेली होती. "पायाला काही झालंच नव्हतं, मेबल. त्यांना जागा हवी होती. त्यांनी सांगितलं, दुखतो म्हण. आणि तो म्हातारा दिसतोय ना तुला? त्यालाही एकदा असंच सांगितलं होतं. बघ खांदा. नीट बघ. तुझ्या आईनं त्या खांद्यासाठी आमच्याकडे भांडं पाठवलं होतं."

मग कुणी तरी एक पुरुष मोठ्यानं म्हणाला, "लाज वाटली पाहिजे!" आणि ते कुणाला उद्देशून होतं हे विचारायची गरज पडली नाही, कारण सगळ्यांच्या माना खेळाडूंच्या बाकाकडे वळल्या होत्या. तिथे पायरीवर लू कॉरिगन उभा होता, हात खिशात.

"मग माझं भांडं?" मेबल म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही.

"धुऊन ठेवलंय. मीठ जास्त झालं होतं."

ऑड्रा पर्लला कडेवर घेऊन कठड्याशी उभी होती. ग्रेडी घामाघूम होऊन तिच्याकडे आला. तिनं पिशवीतून कागद काढला, पेन काढलं, आणि त्याला लिहायला स्वतःची पाठ दिली. पाठीवर पेन टेकलेलं तिला जाणवलं. तो काय लिहितोय ते अक्षरांवरून कळत होतं. "कुठे दुखते" च्या पुढे त्यानं दोन शब्द लिहिले: कुठेही नाही. मग सही.

कॉरिगननं कागद वाचला. तो काही राक्षस नव्हता. त्याच्या गुडघ्यांत खरं दुखणं होतं आणि हे असले कागद त्यानं खूप पाहिले होते.

"पोरा, उद्या सकाळी काय होईल तुला माहीत आहे."

"आहे."

"पुढच्या वर्षीचं प्रशिक्षकाचंही विसर मग."

"मी काय शिकवणार होतो त्यांना?" ग्रेडी म्हणाला. "कोणता पाय निवडायचा ते?"

कॉरिगननं कागदाची घडी घातली. कान खाजवला. "पेपरवाल्यांना काय सांगायचं?"

"सोडलं म्हणून सांगा. तेवढंच. दुखावला, थकला, घरगुती कारण, असलं काही नको. ग्रेडी प्रुइटला सोडलं. मी वाचणार आहे."

पर्लनं हात पुढे केले. तो दोर ओलांडून आला आणि त्यानं तिला उचललं, दुसऱ्या हातानं पिशवी घेतली, मग ऑड्राच्या खांद्यावरचं दुपटंही ओढून घेतलं. ऑड्रानं घेऊ दिलं. ती मोकळ्या हातांनी उभी राहिली आणि हातांचं काय करायचं ते तिला क्षणभर कळेना. तिला भीती वाटत होती. मंगळवारी डॉक्टर विचारतील, विमा कोणता, तेव्हा काय सांगायचं याची, आणि पुढच्या घराची. पण नऊ दिवसांनी पहिल्यांदा, नवरा कसा चालतोय हे बघायला तिनं मागे वळून पाहिलं नाही.

हार्लन सगळ्यांत शेवटी मैदानातून बाहेर आला. वर्ना बाकांच्या जिन्याच्या तळाशी उभी होती. तिच्या पायाशी बर्फाचा मोठा डबा होता, थंड चहाच्या बाटल्यांनी भरलेला. गाडीपासून इथवर तो तिनंच आणला होता, सवयीनं, आणि आणल्यावर तिच्या लक्षात आलं होतं.

तिनं फक्त डब्याकडे पाहिलं.

हार्लननं ग्लोव्ह काखेत मारला, वाकला आणि डबा उजव्या हातानं उचलला. गाडी दूर होती, पार कुंपणाच्या कडेला. ती त्याच्या बरोबरीनं चालली. निम्म्या वाटेवर त्याचा चेहरा पांढरा पडला. ओठ आवळले गेले. चाळीसेक चेंडू फेकले होते त्यानं, एकोणचाळीस वर्षांनी.

"दुखतोय?" वर्नानं विचारलं.

"हो," हार्लन म्हणाला. "खरंच दुखतोय, वर्ना."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, खोटं आहे का ते बघायला. नव्हतं.

"दुखू दे," ती म्हणाली, आणि गाडीचं मागचं दार उघडायला रिकाम्या हातांनी पुढे गेली.